तहानलेला पडाव

मालनला बघायला पाहुणे आले तेव्हा तिने नवऱ्या मुलाकडे धड पाहिलंच नाही. पाहिला तो त्याचा पडाव. १९४७ सालच्या मार्गशीर्षात कळव्याचा धाकू, आईला आणि दौलत या धाकट्या भावाला शिडाच्या पडावात बसवून, खाडीनेच कोपरीला आला होता. मिठागराच्या बांधाला पडाव लावून मंडळी घरात चहा प्यायला बसली आणि मालन मागच्या दाराने बांधावर गेली. वाकून आत डोकावली. तळाच्या फळ्या धुतलेल्या, दोर नीट गुंडाळलेले, पाणी उपसायचा डबा कोरडा करून पालथा घातलेला. परत येऊन तिने आईच्या कानात सांगितलं, "मानूस बरा हाय."

लग्नानंतर तिचं अर्धं घर जमिनीवर आणि अर्धं पाण्यावर झालं. कोपरीच्या मिठागरातून मीठ भरायचं आणि भरतीबरोबर वर निघायचं. रेल्वेच्या पुलाखाली डोलकाठी आडवी करायची, पुढे मुंब्र्याचा डोंगर उजव्या हाताला ठेवून डोंबिवलीवरून कल्याणच्या बंदराला लागायचं. परतताना कौलं नाहीतर पेंढा. जाऊन यायला तीन-चार दिवस लागत. आतून माती थापलेल्या पत्र्याच्या डब्यात चूल पेटे आणि मालन एका हाताने भात ढवळत दुसऱ्या हाताने सुकाणू धरी. सुरुवातीला बंदरावरची माणसं हसली. "काय रे धाकू, बायकोनं पडाव घेतला का पडावानं बायको?" धाकू म्हणे, "दोघांनी मिलून मना घेतला!"

पुलाखालून जाताना मात्र थट्टा नसे. धाकू दोर सैल करून डोलकाठी खाली घेई आणि सुकाणूवरच्या मालनला ओरडून विचारी, "धरलास काय गो?" ती म्हणे, "धरलाय. तुमी तुमचा बघा." एवढं बोलणं झालं, की पडाव दोन खांबांच्या बरोबर मधून जाई.

वर्षातून दोनदा मोठ्या उधाणाच्या भरतीला पडाव काठावर चढवायचा आणि पाणी ओसरलं की कामाला लागायचं. बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, सुक्या गवताचा जाळ दाखवून कीड मारायची, चुना आणि चरबी फासायची. शेवटचं काम फळ्यांच्या सांध्यांचं. जुना कापूस उकरून काढायचा आणि राळेत-तेलात भिजवलेला नवा पीळ ठोकून बसवायचा. ते धाकूचं काम होतं. मालन पीळ वळून देई आणि त्याचा हात बघत राही. आठ-दहा दिवसांत सगळं आटोपे आणि पुढच्या उधाणाला पडाव पुन्हा पाण्यात जाई.

१९५१ साली होळीच्या पौर्णिमेला पडाव असाच कोपरीच्या काठावर चढवला, आणि चौथ्या दिवशी धाकूला ताप आला. विषमज्वर निघाला. मालनने त्याला आपल्या माहेरी आणून ठेवलं. तो पथ्याचं खाऊ लागेपर्यंत चैत्र संपला. उठून उभा राहिला तेव्हा पाय काठीसारखे झाले होते. पडाव तोवर उन्हात उभाच. मालन इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आत शिरली. फळ्या वाळून आखडल्या होत्या आणि सांध्यासांध्यातून आत उन्हाच्या रेघा पडल्या होत्या.

दौलत माजिवड्याकडे नव्या निघालेल्या कारखान्यात लागला होता. त्याने भावासाठीही शब्द टाकून ठेवला होता. रविवारी तो आला आणि पडावाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "दादा, या चालणीत तू मीठ नेनार? खोपटचा वखारवाला लाकूड घ्यायला तयार हाय. इक आनि कामावर ये."

धाकूने पडावाच्या सांध्यात बोट घालून पाहिलं. मग म्हणाला, "पावसाच्या आदी शेवटचा मीठ कल्यानला गेला पायजे. वैशाखी पौर्निमेला पडाव पान्यावर तरंगला तर रायला. नाय तर त्याला बोलव."

"तरंगल," मालन म्हणाली.

"कोन भरनार सांधे? दादाला हातोडी उचलवत नाय."

"मी हाय ना, भावजी."

पौर्णिमेला पंधरा दिवस होते. मालनने पहाटे मिठागरातलं काम उरकायचं आणि मग पडावाखाली बसायचं, असं धरलं. तिचा हात चांगला होता. सांधे रुंद झालेले म्हणून तिने पीळही जाड वळले, एकावर एक दोन-दोन घातले, वरून असे ठोकले की नख शिरू नये. अकराव्या दिवशी ती आत जाऊन बसली. एकही उन्हाची रेघ दिसेना. धाकूने फळीवरून हात फिरवून मान डोलावली. त्याचा पडाव पावसाळ्यात झावळ्यांच्या झापाखाली ठेवला जाई, पण तेव्हा हवाच ओली. कोरड्या उन्हात दोन महिने तो कधीच उभा नव्हता. त्यामुळे जे मालनला ठाऊक नव्हतं ते धाकूलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कळव्याचे भिवाबाबा धाकूला बघायला आले. उभं आयुष्य होड्या बांधण्यात गेलेला म्हातारा. त्यांनी आधी पडाव बघितला. सांध्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा केली.

"कोनी भरलाय ह्या?"

"मी," मालन ऐटीत म्हणाली.

"हात चांगला हाय. पन पोरी, ह्या लाकडाला तहान लागलीया. पान्यात गेला की दोन दिस पीत बसल आनि फुगल. फुगायला जागा कुठं ठेवलीस? तू तर दार लावून वर कडी घातलीस. फळी सरकायला जाल, सरकता येनार नाय, आनि खिळे उपटून बाहेर येतील."

मालनचा चेहरा उतरला. "मग आता, बाबा?"

"सगला काढ. फळ्या पानी पिऊन जाग्यावर आल्या की मग हलक्या हाताने भर."

"पौर्निमा सोमवारी हाय!"

"चंद्राला मी नाय थांबवू शकत," म्हातारा म्हणाला आणि धाकूकडे निघून गेला.

अकरा दिवसांचं काम उपसायला बसताना मालन रडली नाही. आकड्याने पीळ ओढताना तिचं डोकं दुसरीकडे चाललं होतं. मिठागरात खाडीचं पाणी घेण्याआधी काय करतात? तळाची माती ओली करतात, पायांनी तुडवतात आणि पुन्हा ओली करतात. कोरड्या, तडकलेल्या मातीवर एकदम पाणी सोडलं तर सगळं खाली जिरून जातं. लाकूड काय आणि माती काय! पडाव पाण्यात नेता येत नसेल, तर पाणी पडावाकडे आणता येईल.

संध्याकाळच्या आत तिने मिठाची चाळीस रिकामी गोणपाटं गोळा केली, खाडीत बुचकळली आणि पडावाच्या दोन्ही अंगांना लटकावली. आतही पसरली. मिठागरातल्या बाया घरी जाता जाता एकेक हंडा ओतून जाऊ लागल्या. शनिवारभर तिने एकही गोणपाट सुकू दिलं नाही. दौलत आला तो पोट धरून हसला. "वयनी, पडावालाही ताप आलाय? पट्ट्या ठेवल्यास त्या!"

"तुमच्या दादाचा उतरला ना? याचाबी उतरल. हंडा उचला, भावजी, बोलत काय बसलात!"

आणि दौलतने खरोखर दोन हंडे ओतले.

रविवारी सकाळी गोणपाट बाजूला केलं तेव्हा काल जिथे बोट जात होतं तिथे नख जाईना. मालनने बारीक पीळ वळायला घेतले. धाकू काठी टेकत आला, तिच्याशेजारी बसला आणि पीळ वळून तिच्या हातात देऊ लागला. कामं उलटी झाली होती. तिने बोटाने दाबून बसेल इतकाच कापूस भरला, वर हातोडी टेकवल्यासारखी केली. अंधार पडायच्या आत राळही फासून झाली.

सोमवारी, एकवीस मे रोजी, दुपारी एकच्या सुमाराला भरती टोकाला आली. आळीतल्या दहा-बारा माणसांनी खांदा लावला आणि पडाव पाण्यात गेला. बांधावर कामावर खाडा करून आलेला दौलत उभा होता, शेजारी वखारवाला.

पाणी आत आलं. तळाच्या सांध्यांतून बारीक धारा लागल्या. वखारवाल्याने दौलतकडे पाहिलं. मालन डबा घेऊन उपसायला बसली. काठावरून धाकूने विचारलं, "किती हाय गो?"

"प्यायचा तेवढा पितोय."

भिवाबाबा तंबाखू मळत बसले होते, त्यांनी वर बघितलंही नाही. पहिल्या तासात तिचा हात थांबला नाही. दुसऱ्या तासात एक डबा टाकला की पदराने घाम पुसायला सवड मिळू लागली. ओहोटी लागली तसा पडाव काठापासून लांब, खोल पाण्यात नेऊन बांधला. आता तो बुडला असता तर खाडीतच बुडला असता. मालन उतरली नाही.

सूर्य येऊरच्या डोंगराकडे कलला तेव्हा तिने तळाच्या फळीवर हात ठेवला. फळी ओली होती, पण सांध्यात पाणी वाहत नव्हतं. तिने उरलेलं पाणी फडक्याने टिपलं, डबा कोरडा पुसला आणि काठावरून दिसेल असा वरच्या आडव्या फळीवर पालथा घातला. मग उभी राहिली.

धाकूला लांबून डबा दिसला. त्याने दौलतच्या खांद्यावर हात ठेवला. दौलत वखारवाल्याला म्हणाला, "शेठ, चला. तुमाला खोपटपर्यंत सोडतो. लाकूड दुसरीकडं बघा."

बुधवारी मीठ भरून पडाव निघाला. धाकूच्या पायांत अजून बळ नव्हतं, म्हणून दौलत चार दिवसांची रजा टाकून आला होता. पूल जवळ आला. डोलकाठीचा दोर दौलतच्या हातात होता आणि त्याची पाचावर धारण बसली होती. धाकू मिठाच्या गोण्यांवर बसून शिकवत होता. दोर सैल झाला, डोलकाठी आडवी आली आणि दौलत ओरडला, "वयनी, धरलाय ना?"

"धरलाय," मालन म्हणाली. "तुमी तुमचा बघा."