लेकीचे उपास

लॉकडाउनमध्ये आम्ही नवरा-बायको घरून काम करत होतो आणि सोळा वर्षांची मुलगी घरूनच शाळा करत होती. माझं पोट सुटलं, तिचं वजन उतरत गेलं. नेपरव्हिलच्या त्या घरात तिघं चोवीस तास एकत्र असायचो. मला दिसलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

तिनं आधी सोमवार धरला, मग गुरुवार, संकष्टी, शनिवार. अमेरिकेत वाढलेली मुलगी आपणहून उपास करते, याचाच मला अभिमान. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला पुण्याच्या नातेवाइकांपुढे मुद्दाम बसवायचो.

"उपासाला काय खातेस गं?" माझ्या वहिनीनं विचारलं.

"नथिंग, काकू. जस्ट वॉटर."

"अगं बाई. तुझ्या काकांना उपासाला परातभर खिचडी लागते."

सगळे हसले. मी बायकोला म्हणालो, "शीक जरा लेकीकडून."

एका गुरुवारी बायकोनं साबुदाण्याच्या खिचडीची वाटी तिच्यापुढे ठेवली. मी ती उचलली. "तिचा नेम आहे, मोडू नकोस." आणि तिच्यासमोर बसून ती खिचडी मीच संपवली.

थंडीत तिला बाहेर चालता येईना, म्हणून मी बेसमेंटमध्ये ट्रेडमिल आणून दिली. तिथेच ती चक्कर येऊन पडली.

डॉक्टरीणबाईंना मी इंग्रजीत उपास समजावून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे विचारलं, "आठवड्यातून किती दिवस?" मी बोटांवर वार मोजू लागलो आणि मध्येच थांबलो.

कोविडमुळे वॉर्डात एकाच पालकाला परवानगी होती. तिनं आईला बोलावलं.

पुढे थेरपिस्टसमोर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "देवाचं काही नव्हतं, बाबा. उपास म्हटलं की कोणी फोर्स करत नव्हतं. आईनं वाटी आणली तेव्हा आय वॉज होपिंग तू म्हणशील, खा."

आता ती दुसऱ्या शहरात शिकते. जेवते, असं तिची आई सांगते. परवा फोनवर सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "जेवलीस का?"

"बाबा, ते तू विचारू नकोस. आई विचारेल."

मी बरं म्हणालो आणि तिकडची हवा विचारली.