बुटका गाडा

“गुर्जीचा गाडा पलटला अन् दोन्ही पोरी चिखलात पडल्या,” असे आमच्या लाखनीत माझ्याबद्दल आजही सांगितले जाते. हे साफ खोटे आहे, आणि ज्या वेल्डिंगवाल्याने तो गाडा बनवला, त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

सायकलमागे जोडायचा तो दोन चाकांचा गाडा मी माझ्या दोन लहानग्या मुलींसाठी त्याला बनवायला सांगितला होता. मला तो उंच, ऐटदार हवा होता. त्याने मात्र बुटका आणि रुंद केला. हा गृहस्थ भांडतानासुद्धा समोरच्या माणसाकडे पाहत नसे, आपण घडवलेल्या वस्तूकडे पाहूनच भांडत असे. गाडा आणायला गेलो, तर त्याने तो माझ्या सायकलला जोडला आणि स्वतःच गुडघे हनुवटीला टेकवून आत बसला.

“पाडा सायकल, गुर्जी.”

“अरे, लागेल तुला!”

“मले लागन, तं पोरायले नाही लागनार काय? पाडा!”

मी सायकल सोडली. ती धाडकन आडवी झाली. सायकल आणि गाड्यामधला जोड फिरला, गाडा मात्र उभाच राहिला.

“पाहा, मनलं होतं ना!” तो चाकाला म्हणाला.

पुढे मुलींना आजोळी नेताना मागून ट्रक अंगावर आला. मी सायकल रस्त्यावरून खाली घातली, ती कलंडली आणि धानाच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात पडलो तो मी. उठून गाड्यात डोकावलो आणि हायसे वाटून सायकल उभी केली.

पोरी पडल्या म्हणणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: आजोळी पोचल्यावर आजीने हलवून उठवले, तेव्हा कुठे दोघींची झोप मोडली.