मथुराबाईची खोप

लाकडी पूल खरोखरच लाकडाचा होता, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे पुणं, पलीकडे भांबुर्डे गाव आणि गावामागे वेताळाच्या टेकडीवर दाट रान. त्या रानातून मोळ्या आणून शहरात विकणारी माणसं भांबुर्ड्यात बरीच होती. गेनबा आणि त्याची बायको मथुरा त्यांतलीच. मूलबाळ नव्हतं. दोघं सकाळी रानात जात, ऊन चढायच्या आत पूल ओलांडत आणि शनिवार पेठेत आप्पासाहेबांच्या वखारीत मोळ्या टाकून परत येत.

आप्पासाहेब शनिवारातले मोठे लाकूडवाले. उन्हाळाभर ते मोळीविक्यांचं लाकूड घेत आणि पावसाळ्यात तेच शहराला विकत. मोळीविक्यांकडे लाकूड कोरडं ठेवायला जागा नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भावावरून कोणी कुरकुर केली तर ते पानाला चुना लावता लावता म्हणत, "नको असेल तर घेऊन जा की परत. डोकं तुमचंच आहे."

एका श्रावणात गेनबा तापानं गेला. पावसानं आठवडाभर उघडीप दिली नव्हती. घरातलं, शेजारचं सगळं लाकूड भिजून जड झालेलं. मथुरा पदर डोक्यावर ओढून तशीच पूल ओलांडून वखारीत गेली. आतल्या बाजूला कोरडं लाकूड छतापर्यंत रचलेलं तिला दारातून दिसत होतं. त्यातलं निम्मं तिनं आणि गेनबानंच आणलेलं.

"मालक गेले माजे," ती म्हणाली. "कोरडं लाकूड द्या. वाळल्यावर फेडीन."

"ते जेवणावळींना बोललेलं आहे," आप्पासाहेब म्हणाले. मग जरा थांबून, "आणि काय गं, मोळीविके ना तुम्ही? तुमच्या घरी लाकूड नाही?"

गादीवर बसलेले दोघे कारकून हसले. मथुरा परत फिरली.

नदीकाठी गेनबाला ओल्या लाकडावर ठेवलं. बायका मथुराला धरून घरात बसल्या होत्या. धूर दिसत होता, तो पांढरा, जमिनीलगत लोळणारा. जाळ दिसेना. तिनं बायकांचे हात झटकले आणि ती काठावर गेली. तिथं तिनं जे पाहिलं ते ती पुढं कधी कुणाला बोलली नाही. दीर रखमाजी फुंकर घालून घालून रडकुंडीला आला होता. शेवटी उरलं ते नदीला दिलं.

गेनबाचे दहावे-तेराव्याचे दिवस झाले. रखमाजी म्हणाला, "वैनी, आता आमच्यात ऱ्हावा. दोन भाकरी थापा, दोन खावा."

"म्या रानात खोप बांधनार हाय," मथुरा म्हणाली. "लाकडं ठेवायला."

रखमाजीला वाटलं, दुःखानं बोलतेय. "कोन बांधून देनार?"

"कोन कशाला?"

दसरा झाल्यावर ती गेनबाची कुऱ्हाड घेऊन टेकडीवर गेली. गावात जागा मागितली असती तर पाटलापासून सुतारापर्यंत सगळ्यांचे पाय धरावे लागले असते. वेताळाच्या भीतीनं टेकडीच्या वरच्या अंगाला कुणी फिरकत नसे. तिथं तिनं एक उंचवट्याची जागा धरली. पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जाईल आणि वारा सरळ आरपार जाईल अशी.

उभं झाड तिनं तोडलं नाही. वादळात पडलेले ऐन आणि धावडे शोधले, फांद्या छाटल्या आणि ओंडके दोरानं ओढत आणले. खांबांची जमिनीत जाणारी टोकं जाळून काळी केली, म्हणजे वाळवी लागत नाही. खांबांना वर दुबेळकी, म्हणजे दोन फांद्यांचे फाटे, राखले होते, त्यांत छपराचं आढं बसायचं. भिंतींना ओंडक्यांवर ओंडके रचले, टोकांना खाचा पाडून एकमेकांत अडकवले आणि मधे बोटभर फटी ठेवल्या. लाकूड वाऱ्यानं वाळतं.

सकाळी पोटासाठी मोळी आणि उरलेला दिवस खोप, असं चाललं होतं. गावातले लोक गुरं शोधायच्या निमित्तानं येऊन बघून जात. "बाईमानसाचं काम हाय का ह्ये?" एक म्हातारा म्हणाला.

"न्हाई," मथुरा म्हणाली, "पर बापईमानसं कुटं दिसंनात."

आढ्यानं मात्र तिला रडवलं. सगळ्यांत लांब आणि जड ओंडका तोच, आणि तो तिच्या डोक्याच्याही वर चढवायचा होता. दोन तिरपे वासे लावून त्यांवरून ती तो दोरानं लोळवत वर ओढत होती. अर्ध्यावर दोर निसटला. ओंडका गडगडत खाली आला, तिचा अंगठा चेंगरून गेला. ती तिथंच बसली, अंगठा तोंडात धरून मोठमोठ्यानं रडली, गेनबाला शिव्या दिल्या, आप्पासाहेबांना दिल्या, वेताळालाही दिल्या. मग अंगठ्याला चिंधी बांधली आणि वाशांना खाचा पाडल्या. ओंडका एक खाच वर आला की तिथं टेकेल, मग दम घ्यायचा, मग पुढची खाच. त्या दिवशी दिवे लागायच्या आत आढं दुबेळक्यात बसलं. त्या अंगठ्याला पुन्हा नख आलं नाही.

वैशाखात तिनं वर पळसाची पानं आणि गवत शाकारलं आणि अंबाडीच्या दोरानं आवळून बांधलं. मग मोळ्या वखारीत जाईनाशा झाल्या. एक पेठेत दारोदार विकायची, एक खोपीत. आषाढापर्यंत खोप भरली.

एके सकाळी ती वर गेली तर छप्पर खाली पडलेलं. गवत उधळलेलं, आणि रात्रभराच्या पावसात लाकडांचे वरचे दोन थर भिजलेले. गावात एकच बोलणं, वेताळ कोपला.

"वेताळाला इळा लागत न्हाई," मथुरा म्हणाली. तिनं दोराची टोकं बघितली होती. सगळी साफ कापलेली.

त्यातलं एक टोक घेऊन ती वखारीत गेली. गिऱ्हाइकं बसली होती. तिनं तो दोर आप्पासाहेबांच्या गादीवर ठेवला.

"ह्यो कुनी कापला मला ठावं न्हाई. तुमच्याकडं चार गावची मानसं येत्यात, म्हनून सांगून ठेवते. ज्यानं कापला त्याला म्हनावं, म्या आजच नवा बांधनार. पुन्ना कापला तर पुन्ना बांधीन. अंबाडी काय संपत न्हाई आन् मीबी संपत न्हाई."

"आमचा काय संबंध, बाई?" आप्पासाहेब म्हणाले.

"नसंल तर लई बरं."

त्यांनी पानाच्या डब्यातून मान वर केली नाही.

पाऊस अंगावर घेत ती छपरावर चढली. दुपारी रखमाजी आला, खाली उभा राहिला, गवताची पेंढी उचलून म्हणाला, "वैनी, उतरा. मी करतो."

"पेंढ्या दे वर. चढायचं न्हाई."

तो पेंढ्या देत राहिला. संध्याकाळी मथुरानं घरातलं गाडगंमडकं वर आणलं आणि ती खोपीतच राहायला लागली. एकट्या बाईनं रानात राहायचं म्हणून गावानं कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "छप्पर माजं हाय. मीच राखनार."

त्या श्रावणात भांबुर्ड्यातल्या एका कुंभाराची आई गेली. तो चिखल तुडवत टेकडी चढून आला आणि दारात उभा राहिला. मथुरानं ओळखलं. स्वतःच्या डोक्यावर पहिला भारा घेतला आणि त्याच्या पुढं चालू लागली. नदीकाठी कुणीतरी म्हणालं, रांडावलेल्या बाईनं चितेचं लाकूड वाहू नये.

"लाकूड कुनी आनलं ह्ये मढं इचारत न्हाई," ती म्हणाली. "तुमी काडी लावा."

जाळ चढला, पिवळा आणि सरळ.

मग माणसं येऊ लागली. कोण चुलीसाठी, कोण बाळंतिणीच्या शेगडीसाठी, कोण नदीकाठासाठी. पैसा असेल तो पैसा देई, नसेल तो दाणे घाली, तेही नसेल तर मथुरा म्हणे, "उन्हाळ्यात चार दिस लाकडं ओढायला ये."

दिवाळीनंतर आप्पासाहेब स्वतः टेकडी चढून आले. धाप लागली होती. ओंडक्याच्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवला.

"काम चांगलं केलंयस हं. आता असं कर, सगळं लाकूड वखारीला देत जा. भाव तू सांग. रानात किती दिवस राहणार एकटी?"

"लाकूड इथं मिळतंय," मथुरा म्हणाली. "सगळ्यांना मिळतंय. तुमाला पायजेल तर तुमीबी या."

"म्हणजे आम्ही इथं येऊन घ्यायचं?"

"आलायसा की."

ते टेकडी उतरून गेले. त्यानंतर छपराला कुणी हात लावला नाही.

पुढच्या वर्षी दोन मोळीविक्या बायका तिच्याकडं आल्या, आमचीबी लाकडं ठेवून घेशील का म्हणाल्या. मथुरानं नकार दिला. दोघींना तिनं आढं चढवायच्या खाचा कशा पाडायच्या ते दाखवलं, कुऱ्हाड हातात दिली आणि म्हणाली, "तुमची तुमी बांधा. मग कुनाला इचारायला नगं." त्या चिडून गेल्या. महिन्याभरात त्यांतली एक पुन्हा आली, दोर मागायला.

मथुरा म्हातारी होईपर्यंत त्या खोपीतच राहिली. रखमाजीची सून दर वर्षी बोलवायला येई. शेवटच्या खेपेला ती आली, तेव्हा म्हातारी बाहेर वाकून जमीन उकरत होती.

"आत्याबाई, ह्ये काय चाललंय?"

"खड्डा घेतेय," मथुरा म्हणाली. "पल्याडचा खांब धर जरा. ही बाजू वाढवायची हाय."