कापसाच्या खोलीतला अल्बम

गडचिरोलीला डी.एड. करत असताना मी आणि माझी वसतिगृहातली मैत्रीण, आम्ही दोघी गाणी करायचो. भजनं-भावगीतं नव्हेत. कीबोर्डवर आणि कॉम्प्युटरवर केलेली, धडधडत्या ठेक्याची, कुणाची तरी टर उडवणारी गाणी. शब्द माझे, संगीत तिचं. कीबोर्ड माझ्या भावाच्या बँड पथकातून बाद झालेला होता, त्यातले तीन सूर वाजतच नसत. ते तीन सूर टाळूनच ती चाली बांधायची.

तिचे वडील चामोर्शीजवळ राइस मिल चालवायचे. एका रविवारी तिने मोबाइलवर मिलच्या पट्ट्याचा आवाज भरून घेतला आणि एका फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर तो कापून, जोडून त्याचा ठेका केला. स्टुडिओवाले भाऊ दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्हाला बसू द्यायचे. "बाई, हे गाणं होय का गिरणी?" असं म्हणायचे आणि मान मात्र डोलवायचे. आमच्या जोडीला नाव नव्हतं. त्यांनी फाइलवर "दोन मुली नवीन" असं लिहिलं आणि त्याच नावाने आमची गाणी मेमरी कार्डांवरून आठवडी बाजारात पोचली. मार्कंड्याच्या जत्रेत खेळण्यांच्या एका दुकानात आमचं गाणं वाजत होतं, तेव्हा आम्ही एकमेकींचा हात धरून तिथेच उभ्या राहिलो. कुणाला सांगायची हिंमत झाली नाही.

सगळ्यात चाललं ते मुलगी पाहायला येणाऱ्या मंडळींवरचं:

पोरगं नापास, पण गाडी पाहिजे,
गाडी देली तं पेट्रोल बी पाहिजे!

आवाज तिचा. कॉम्प्युटरवर चिरका केलेला, पण ओळखणाऱ्याला ओळखू येईल असा.

मग तिचं लग्न ठरलं, जिवतीकडच्या डोंगरातल्या एका शेतकरी घरात. वरातीच्या दिवशी मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या गाण्याचं मेमरी कार्ड डीजेवाल्याच्या हातात दिलं. ती हसेल, असं मला वाटलं होतं. गाणं सुरू झालं, पोरं नाचायला लागली आणि दुसऱ्या कडव्याला तिच्या होणाऱ्या सासूबाई थांबल्या. "हा आवाज तं नवरीचा होय!" नाचणारे थांबले. कुणीतरी मोठ्याने हसलं. तिच्या वडिलांनी हात जोडले. लग्न लागलं, पण निघताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर मी केलेले फोन तिने उचलले नाहीत. मी शिक्षिका झाले आणि गाणी तिथेच संपली. पंधरा वर्षं गेली.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मी बोलून राह्यली."

नाव सांगायची गरज नव्हती. त्यांच्या बचत गटाच्या बैठकीत एका बाईने मोबाइलवर ते जुनं गाणं लावलं होतं, सगळ्या पोट धरून हसत होत्या. हिने सांगून टाकलं, हा आवाज माझा आहे. आता बायका मागे लागल्या होत्या, नवीन गाणी करा म्हणून.

"तू करशीन का?" तिने विचारलं.

मी आधी माफी मागायला लागले. तिने थांबवलं. "मले गाण्याचा राग नोयता आला. माहा आवाज तू मले न विचारता देला, त्याचा आला. आता ये, पण विचारल्याशिवाय काई करू नको."

दिवाळीनंतरच्या सुट्टीत मी घाट चढून जिवतीला गेले. तिच्या केसांत पांढरं आलं होतं, माझं वजन वाढलं होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहून घेतलं. वेचलेला कापूस घरातल्या पुढच्या खोलीत छातीपर्यंत भरला होता. तिने तिथे टाळी वाजवून दाखवली. "आइक, आवाज फिरत नाई. स्टुडिओच होय." तीन दिवस आम्ही त्या कापसात रुतून बसलो, मांडीवर लॅपटॉप घेऊन. गावात रेंज नाही म्हणून ओटीपीसाठी टेकडी चढणाऱ्या बायांवर एक गाणं झालं. रोज सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर गुलाबाची फुलं पाठवणाऱ्या, पण घरात तोंड न उघडणाऱ्या नवऱ्यांवर एक. आणखीही दोन झाली. तिचा नवरा दारातून चहा सरकवून, ते ऐकून, मुकाट्याने निघून गेला आणि आम्ही कॉलेजातल्यासारख्या खिदळलो.

जुनं मेमरी कार्ड मी जपून ठेवलं होतं. त्यात मिलचं मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग होतं. तिने हेडफोन लावला आणि तो दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. पट्ट्याच्या आवाजात तिचे वडील कुणाला तरी ओरडून सांगत होते, "पट्टा सरकला रे!" ते जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मिलही बंद होती. ती तेवढंच परत परत ऐकत राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. "हे गाण्यात घ्यायचं?" मी विचारलं. ती म्हणाली, "नाई. हे माह्याजवळच राहू दे."

शेवटच्या दिवशी सासूबाई येऊन कापसाच्या कडेला बसल्या. "ते जुनं लावा." मी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. पूर्ण गाणं म्हातारीने पहिल्यांदाच ऐकलं. मग म्हणाल्या, "तवा आम्ही गाडी मागतली होती. म्हून लागलं." जरा वेळाने सुनेकडे न पाहताच पुढे म्हणाल्या, "सासवाइच्या बाजूचं बी एक करा. सुनाबी काई कमी नाईत."

ते पाचवं गाणं झालं. अल्बम मोठा गाजला वगैरे नाही. बचत गटांच्या ग्रुपवर फिरतो, हळदीच्या कार्यक्रमात वाजतो. परवा आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात खिचडी ढवळता ढवळता स्वयंपाकाच्या बाई ओटीपीचं गाणं म्हणत होत्या. मी हजेरीपट घेऊन दाराशी थांबले आणि कडवं संपेपर्यंत आत गेलेच नाही.