अर्धी टाकी

दुधाचा टँकर चालवण्यात त्याचा जन्म गेला. भरल्या टाकीला तो कधी भ्याला नाही. आज मात्र डेअरीने निम्मंच दूध उतरवून घेतलं आणि पुढे घाट होता. धुवायला सोपं जावं म्हणून दुधाच्या टाकीत लाट अडवणारे आडवे पत्रे नसतात.

"भाऊजी, ओझं निम्मं झालं, हाणा की आता!" शेजारी बसलेला मेहुणा म्हणाला.

"ओझं गेलं, पण दुधाला पळायला जागा झाली."

वळणाच्या तोंडाशी अचानक बस समोर आली. त्याने ब्रेक हलकेच दाबला. दूध पुढे येऊन आदळलं आणि टँकर हिसक्याने पुढे सरकला.

"दाबा, जोरात दाबा!" मेहुणा किंचाळला.

लाट मागे फिरेपर्यंत त्याने ब्रेकवरचा पाय सैल ठेवला, मगच पुन्हा ब्रेक लावला. बस वीतभर अंतरावरून निघून गेली.

"भाऊजी, गोगलगायीसारखंच चला," मेहुणा पुटपुटला.

त्याने गिअर आणखी खाली आणला. अजून सहा वळणं उतरायची होती आणि पाठीमागे दूध डुचमळतच होतं.