ठोकळ्यावरचे चार आकडे

काही माणसांना दारू चढते, मला माहिती चढायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वालीवच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. राहायला माणिकपूरला, दोन खोल्यांत. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून मी इंग्रजी पुस्तकं उचलून आणायचो, आणि त्यातलंच एक जाडजूड, कव्हर गेलेलं पुस्तक जुन्या बंदुकांच्या रचनेवर होतं. शिकारीशी माझा काही संबंध नव्हता, घरातली पालसुद्धा मी बायकोला हाकलायला सांगायचो. पण खटके, बिजागऱ्या आणि स्प्रिंगा म्हणजे माझं पोटापाण्याचं काम, आणि त्या पुस्तकातली चित्रं इतकी नेटकी होती की मी ती जेवणाच्या ताटाशेजारी उघडी ठेवून बघत बसायचो.

त्यातलं एक प्रकरण मला जवळजवळ पाठ झालं होतं. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून कोंबत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, मागून का भरू नये? मागून भरायची तर मागे दार हवं, आणि दार आलं की फट आली. त्या फटीतून जळता वायू उलटा बार काढणाऱ्याच्याच डोळ्यावर यायचा. पुढे कितीतरी वर्षं चांगले चांगले कारागीर त्या एका फटीशी भांडत होते. पितळी काडतूस आलं, ते बार निघताना फुगायचं आणि फट बुजवायचं. मग फुगलेलं काडतूस बाहेर निघेना, म्हणून त्याला ओढायला नखी आली. ती नखी अर्धंच ओढायची, म्हणून बंदूक उलटी करून झटकावी लागायची. दाराचं तेच. सुरुवातीला ते नुसत्या स्प्रिंगच्या टोकावर टिकायचं, नंतरच्या बंदुकांत त्याला अंगठ्याने दाबायचा खटका बसवला. हे सगळं मी जेवणाच्या सुट्टीत सांगायचो, ऐकणाऱ्याची आमटी गार होईपर्यंत.

ऐकणारा बहुतेक एकच असायचा. आमच्याकडे मिलिंग मशीनवर काम करणारा एक मित्र, कामणच्या बाजूला खाडीकाठच्या गावातला, घरची भातशेती असलेला. एक दिवस तो शांतपणे म्हणाला की अशी बंदूक आमच्या घरी आहे. त्याच्या आजोबांपासूनचा परवाना, शेतराखणीसाठी. तुंगारेश्वरच्या डोंगरातून डुकरं उतरत, भात पिकायला आलं की एका रात्रीत खाचर लोळवून जात. त्याचे वडील संध्याकाळी बांधावरून एक बार काढायचे, आणि मग दोन दिवस डुकरं फिरकायची नाहीत. आसपासच्या पाच-सहा घरांचं भात त्या एका बारावर उभं असायचं. पण गेल्या वर्षी बार काढताना मागचं दार उडालं आणि वडिलांच्या डोळ्याखाली भाजलं, हेही तो सांगून गेला.

मी डबा बाजूला ठेवला. दाराला खटका नसलेली बंदूक, म्हणजे अगदी माझ्या प्रकरणातली. मी म्हटलं, मी बसवून देतो खटका.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. बाबांनी, म्हणजे मित्राच्या वडिलांनी, बंदूक गोणपाटातून काढून माझ्यासमोर ओटीवर ठेवली. त्यांच्या उजव्या डोळ्याखाली कातडी अजून काळपट होती. बंदूक कधीकाळी ठासणीची असावी. मागून नळी कापून तिथे बिजागरीवर बाजूला उघडणारा लोखंडी ठोकळा बसवला होता, पेटीचं झाकण उघडावं तसा. मी तो दोन-तीनदा उघडला, मिटला, आणि बोलायला लागलो. फट, वायू, पितळ, नखी, सगळं. मित्राच्या आईने चहा आणला तरी माझं चालूच होतं. बाबा मान डोलवत ऐकत होते. मध्येच त्यांनी ठोकळ्याच्या पाठीवर अंगठा ठेवला, तिथे दोनदा फिरवला आणि म्हणाले, "बाला, पन ह्या हितं बग..."

"बाबा, मला सगळं माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी अंगठा काढून घेतला. शिकलेल्या माणसाला मध्ये तोडू नये, असं त्यांना वाटलं असावं. त्यांना काय सांगायचं होतं ते मला पुढे कळलं, फार उशिरा.

परवान्याची बंदूक अशी दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते, एवढं आम्हालाही ठाऊक होतं. तिची दुरुस्तीसुद्धा परवान्याच्या कारागिरानेच करायची असते, हे माझ्या त्या पुस्तकात नसलं तरी मी ऐकून होतो. पण आम्ही बंदूक कुठे हलवत होतो? मी बिजागरीची पिन काढली, ठोकळा फडक्यात गुंडाळला आणि मित्राने तो डब्याच्या पिशवीतून कारखान्यात आणला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला शाळेत शिकवलं होतं, पण ते दुसऱ्यांसाठी असतं अशी माझी समजूत होती.

आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी तो खटका करत होतो. हे काम मी आयुष्यात केलेल्या चांगल्या कामांपैकी एक होतं, हे लाज बाजूला ठेवून सांगतो. पहिला घट्ट झाला, दुसरा सैल, तिसरा असा बसला की अंगठ्याने दाबल्याशिवाय हलायचा नाही. तिथे थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो.

पण गंजून तपकिरी झालेल्या त्या ठोकळ्यावर माझा चकचकीत खटका म्हाताऱ्याच्या तोंडातल्या नव्या दातासारखा दिसत होता. मला ते सहन होईना. मी ठोकळा एमरी कागदाने घासला. गंजाखालून चार आकडे वर आले, अर्धेमुर्धे. मी ते पाहिले. पाहिले नाहीत असं म्हणायची सोय नाही. टूलरूममध्ये प्रत्येक तुकड्यावर असे आकडे ठोकलेले असतात, कामाच्या ओळखीसाठी, आणि काम संपलं की ते घासून टाकल्याशिवाय सुपरवायझर तुकडा पास करत नाही. आकडे राहिले म्हणजे काम अर्धवट, ही माझ्या हाताची सवय होती. हात डोक्याला विचारत नव्हता. मी आकडे घासले, ठोकळा बफच्या फिरत्या चाकावर धरला, आणि त्यात माझं तोंड दिसायला लागलं तेव्हा थांबलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तो बसवून दिला. बाबा त्याकडे बघत राहिले. अंगठा पुन्हा त्याच जागी गेला, फिरला, पुन्हा फिरला. मला वाटलं, हरखलेत. मी म्हटलं, आता डोळ्याची काळजी नको. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी पाटावर कोयता, विळा, नांगराचा फाळ आणि मधोमध ती बंदूक मांडली होती, झेंडूची माळ घालून. शेजारपाजारचे बघून जात होते आणि मी प्रत्येकाला खटका दाबून दाखवत होतो. त्या दिवसाची आठवण मला सगळ्यात जास्त छळते, कारण त्या दिवशी मी फार खूश होतो.

होळीच्या आधी निवडणूक जाहीर झाली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. बाबा दर वेळी बंदूक नेऊन द्यायचे, पावती आणायचे, निकालानंतर परत आणायचे. या वेळी ते बंदूक ठेवून पावतीशिवाय परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं होतं. मित्र मशीन बंद करून माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला की नंबर जुळत नाही. नळीवरचे आकडे केव्हाच गंजून गेले होते, म्हणून आजोबांच्या वेळी परवान्यावर ठोकळ्यावरचाच नंबर चढवला होता. ते चार आकडे.

मित्राने मला ठाण्यात चल असं म्हटलं नाही. मीच म्हटलं, येतो. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होतो: साहेब, चूक माझी आहे, मी फिटर आहे, खटका बसवताना घासलं गेलं. वाक्यं चांगली जमली होती.

ठाण्यातल्या साहेबांनी बंदूक टेबलावर आडवी ठेवली होती. माणूस वाईट नव्हता, त्यांनी बाबांना बसायला खुर्ची दिली. नंबर पुसलेलं हत्यार म्हणजे केवढी भानगड असते ते त्यांनी समजावून सांगितलं. मग विचारलं, "नंबर कोणी घासला?"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग ते साहेबांकडे वळले.

"मीच घासला, साहेब. दसऱ्याच्या पूजेला, विटकरीनं. मना वाचता येत नाय."

वाचता येत नव्हतं हे खरं होतं. पण ते चार आकडे त्यांच्या अंगठ्याला पाठ होते, हे त्या खोलीत मला आणि त्यांच्या मुलालाच माहीत होतं. विटकरीने अशी आरशासारखी चमक येत नाही, हे साहेबांनाही कळलं असणार. त्यांनी ठोकळा उजेडाकडे धरला, मग मान वर करून मला विचारलं, "तुम्ही कोण यांचे?"

तोंड उघडायची वेळ हीच होती. माझी जुळवलेली वाक्यं जिभेवर होती. पण त्या वाक्यांमागे मला कारखान्याचा मालक दिसत होता, त्याच्या मशीनवर केलेलं चोरटं काम दिसत होतं, विनापरवाना बंदूक दुरुस्त करणाऱ्याला काय होतं ते दिसत होतं. बायकोला सातवा महिना होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही.

"कोणी नाही," मी म्हटलं. "यांच्या मुलाबरोबर कामाला आहे. सोबत आलोय."

जबाब लिहिला गेला. बाबांनी अंगठा उठवला, तोच अंगठा, आणि शाई धोतराच्या सोग्याला पुसली. नंतर मित्राने सांगितलं की बाबांनी त्याला घरूनच बजावलं होतं, तुम्हा दोघांच्या नोकऱ्या हायत, तोंड उघडायचं नाय. म्हणजे मी गप्प बसणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला ओळखायला त्यांना एक रविवार पुरला होता.

बाबांना अटक झाली नाही. बंदूक तपासणीला गेली ती गेलीच, आणि परवान्याचं नूतनीकरण झालं नाही. तीन पिढ्यांचा परवाना. मित्र माझ्याशी नीट वागायचा, पण डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसायला लागला. मीही कुणाला काही सांगायचं सोडलं. ते पुस्तक रद्दीवाल्याला परत देऊन टाकलं, जणू गुन्हा त्याने केला होता.

त्या वर्षी भात निसवलं, लोंब्या धरल्या आणि डुकरं उतरली. बाबा बांधावर तेलाचा रिकामा डबा बडवत फिरायचे. डुकरांना चार दिवसांत डबा ओळखीचा झाला. दसऱ्याच्या दिवशी मी आपट्याची पानं घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वाटेतली खाचरं दिसत होती. अर्ध्याहून जास्त भात चिखलात आडवं होतं, त्यांचंच नाही, शेजाऱ्यांचंही. ओटीवर पाट मांडला होता. कोयता, विळा, फाळ, आणि मधोमध तो डबा. ठोकून ठोकून चेपलेला, त्याला कुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली.

मी पाया पडलो. त्यांनी बसवून घेतलं. मित्र घरात होता, बाहेर आला नाही. या वेळी चहा प्यायलो तो गप्प बसून.

"त्यो खटका बरा व्हता ना रं?" त्यांनी विचारलं.

"चांगला होता, बाबा."

"मना बी वाटला. दिवालीपरेंत तीन बार काडलं, जागचा हलला नाय. डोला वाचला." त्यांनी डोळ्याखालच्या काळ्या कातडीवर बोट ठेवलं. मग डब्याकडे बघत, सहज, काही समजून घ्यायचं राहिलंय तसं विचारलं, "मंग येवडी चमक कशाला काडलीस?"

त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. माझ्यासाठी. मला मिरवायचं होतं म्हणून. ओटीवर आम्ही दोघंच होतो, साहेब नव्हते, मालक नव्हता, काही जाणार नव्हतं.

"गंज फार होता, बाबा," मी म्हटलं. "काढावाच लागला."

त्यांनी मान डोलवली, त्या पहिल्या रविवारी डोलवली होती तशीच. मग माझ्या हातातली पानं घेतली, त्यांतली दोन परत माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, सोनं घे.