लाल टॅग आणि डावा इंडिकेटर

मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग तपासतो, आणि माझ्याच गाडीचं वायरिंग घुशीने खाल्लं.

हे कळलं रविवारी सकाळी. सोमवारी माझ्या बायकोची, वैशालीची, पक्क्या लायसन्सची टेस्ट होती आणि टेस्ट याच गाडीवर द्यायची होती. तिला मोशीच्या एका शाळेत नोकरी लागली होती. संत तुकाराम नगरातून दोन बस बदलून सकाळच्या प्रार्थनेला पोहोचणं अशक्य, आणि मी तर पहाटेच कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत असतो. मागच्या खेपेला ती चढावर नापास झाली होती आणि शिकाऊ लायसन्सची मुदतही संपत आली होती. थोडक्यात, गाडी बंद म्हणजे नोकरी बंद.

तिला गाडी शिकवली मीच. म्हणजे ती शिकली आणि मी शेजारी बसून तपासणी केली. आमच्या कंपनीत सदोष मालाला लाल टॅग लावतात, आणि तो ज्याने लावला त्यानेच काढायचा असा नियम आहे. माझ्या खिशात दोन-चार टॅग कायम असतात. वैशालीचा क्लच चुकला की मी स्टिअरिंगला एक टॅग अडकवायचो. (गंमत म्हणून. ही गंमत आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.) लायसन्सच्या पुस्तकातले हाताचे इशारेही ती पाठ करायची. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता उजवा हात बाहेर काढून गोल फिरवायची. मी विचारायचो, "अगं, बैलगाडीचं लायसन्स काढतेयस का?" ती हात आणखी एकदा फिरवायची.

तर रविवारी बॉनेट उघडलं. आत चिंध्या, अर्धी पोळी आणि कुरतडलेल्या वायरींचा गुंता. शेजारचे धुमाळ काका वाकून बघत होते. काका मूळचे मावळातले, उंदीर-घुशींचा त्यांचा अभ्यास दांडगा.

"ह्ये उंदराचं काम न्हाई," ते म्हणाले. "घूस हाय ही. मेकॅनिकला बोलवा."

मला मेकॅनिक! मी काकांना जरा मोठ्यानेच सांगितलं की वायरिंग हेच माझं आयुष्य आहे, कुठल्या रंगाची वायर कुठे जाते हे मी डोळे मिटून सांगतो. काका म्हणाले, डोळे उघडे ठेवून केलं तर बरं. मी तिकडे दुर्लक्ष केलं. वायरींच्या साली काढल्या, तुटकी टोकं जोडून पीळ दिला, वरून काळी टेप इतकी सुबक गुंडाळली की बघत राहावं. गाडी सुरू झाली, पुढचे दिवे लागले. बाकी काही मी चालवून बघितलं नाही, कारण कंपनीत ती चाचणी पुढच्या विभागात होते. मी नजरेने पास करणारा माणूस! नजरेला सगळं उत्तम दिसत होतं, म्हणून पास केलं.

सोमवारी मी रजा टाकली, आणि वैशाली मला शेजारी बसवून गाडी सोसायटीच्या फाटकापाशी घेऊन आली. डावीकडे वळायचं म्हणून तिने इंडिकेटर दिला.

पॅं. पॅं. पॅं. पॅं.

वॉचमन ताडकन उठून सलाम ठोकून उभा राहिला. मी घाईने हात घालून हॉर्न दाबला. आवाज शून्य, पण पुढचा डावा इंडिकेटर मात्र झकास पेटला. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोळे मिटून जे रंग मला पाठ होते ते आमच्या कंपनीत वायरिंग होणाऱ्या ट्रकचे होते. माझी गाडी ट्रक नव्हती.

वायरी पुन्हा सोडवायला वेळ नव्हता. मी म्हणालो, "तू डावीकडे वळूच नकोस."

"आणि तिथे ट्रॅकवर वळायला सांगितलं तर?"

मी पट्टा लावला आणि समोर बघायला लागलो. वैशाली बोलत असते तोवर मी निर्धास्त असतो. भोसरीच्या टेस्ट ट्रॅकपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, आणि प्रत्येक डाव्या वळणावर आमची गाडीच बोलत राहिली. एका पीएमपी बसच्या ड्रायव्हरने घाबरून आम्हाला वाट दिली.

ट्रॅकवर आरटीओचे साहेब तिच्या शेजारी बसले आणि मी जाळीबाहेर राहिलो. गाडी चढावर थांबली, मागे घरंगळली नाही, पुन्हा निघाली. रिव्हर्सही नीट झाला. मग आलं डावं वळण. मी जाळी घट्ट धरली आणि डोळे मिटले. हॉर्न वाजला नाही. डोळे उघडले तर खिडकीतून तिचा उजवा हात बाहेर आला होता, आणि पोळ्या लाटताना फिरायचा तस्सा, बांगड्यांसकट गोल फिरत होता. पुढे साहेबांनी हॉर्न द्यायला सांगितला असावा. तिने शांतपणे इंडिकेटर दिला. पॅं, पॅं.

साहेब खाली उतरले. त्यांनी बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिलं आणि काहीतरी विचारलं. वैशालीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे तुम्ही केलंत?" साहेबांनी मला विचारलं. "कामाला कुठे असता?"

"चाकणला," मी म्हणालो, "एका कंपनीत." कंपनी कसली ते त्यांनी विचारलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

"मॅडम पास," ते म्हणाले. "हाताचे इशारे येणारं माणूस फार दिवसांनी पाहिलं. गाडी मात्र नापास. मेकॅनिक आणून नीट केल्याशिवाय इथून हलवायची नाही."

खरं सांगतो, मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. इतका आनंद माझ्या स्वतःच्या लायसन्सचा झाला नव्हता. मी तिचं अभिनंदन करायला पुढे झालो. तिने माझ्या खिशातून एक लाल टॅग काढला आणि सर्वांसमक्ष माझ्या शर्टाच्या बटणाला बांधला.

घरी आल्यावर तिने तो काढून माझ्या हत्यारांच्या पेटीला बांधला. आता ती मेकॅनिकने नीट केलेल्या गाडीने रोज शाळेत जाते. टॅग अजून तिथेच आहे, कारण ज्याने लावला त्यानेच काढायचा. परवा पेटी कोपऱ्यातून पुढे ओढली तर तिची प्लास्टिकची कड घुशीने कुरतडलेली. शेजारी लोंबणाऱ्या टॅगला मात्र तिने तोंडही लावलं नव्हतं. माझ्याबद्दलच्या वैशालीच्या निकालाशी बहुधा घूसही सहमत असावी.